बाग आधी, नर्सरी नंतर : शोभेच्या वृक्षांसाठी केलेली भटकंती

पारंबी

गेल्या शनिवारी एका झाडाखाली आम्ही सात जण पाऊण तास उभे होतो, तरी त्याचं नाव काही ठरलं नाही. तो प्रश्न खाली मांडतेच. आधी या भटकंतीबद्दल लिहिते, कारण इथले बरेच जण एकेकटे नर्सऱ्या पालथ्या घालतात आणि मला वाटतं त्यांचं त्यात नुकसान होतं.

आमचा गट सहा-सात वर्षं जुना आहे. कुंडीतली फुलझाडं नाहीत, भाजी नाही, फक्त शोभेचे वृक्ष. कुणाला फुलांचं वेड, कुणाला पानांचं, एकाला तर निव्वळ खोडाच्या सालीचं. दोन-तीन महिन्यांतून एक अख्खा दिवस काढायचा. सकाळी एखादी जुनी बाग आणि दुपारी एक, फार तर दोन नर्सऱ्या. हा क्रम आता आम्ही मोडत नाही. सुरुवातीला उलटं करायचो. सकाळच्या हुरुपात नर्सरीत शिरायचं, दिसेल ते रोप उचलायचं, मग गाडीत रोपं सुकतायत या धाकानं बाग धावतपळत उरकायची.

नर्सरीत सगळी झाडं एका उंचीची असतात. काळ्या पिशवीत कमरेएवढी काठी, वर आठ-दहा पानं. त्यातलं कुठलं पाच मीटरवर थांबणार, कुठलं पंचवीस मीटर जाणार, कुठलं वर्षातले तीन महिने उघडंबोडकं राहणार, यातलं काहीच त्या काठीत दिसत नाही. मी असंच एकदा ब्रह्मदंडाचं, म्हणजे किगेलियाचं रोप घेतलं होतं. संयुक्त पानं, भरदार, तजेलदार. विकणाऱ्याला विचारलं, केवढं होतं? तो म्हणाला, छान सावली देतं. तेवढ्यावर मी ते वाटेच्या कडेला लावलं. पुढे काही वर्षांनी दोरीसारख्या देठांना अर्धा-अर्धा मीटर लांबीची, पाच-सहा किलोंची फळं लटकायला लागली, तीही थेट लोकांच्या डोक्यावर. ते झाड शेवटी तोडावं लागलं आणि तोडताना मी तिथे थांबू शकले नाही. दोष झाडाचा नव्हता. मी मोठा ब्रह्मदंड एकदा जरी पाहिला असता तरी त्याला मोकळ्या मैदानात, वाटेपासून लांब जागा दिली असती आणि आज त्याची ती गडद तांबडी फुलं सकाळी जमिनीवरून वेचत असते.

तेव्हापासून आमचा नियम असा, की ज्याचं वाढलेलं झाड पाहिलं नाही त्याचं रोप घ्यायचं नाही.

आता नाव न ठरलेलं झाड. बाग जुनी आहे, बऱ्याच झाडांच्या पाट्या गेल्यात. या झाडाची पानं हुबेहूब गुलमोहराची, पसारा मात्र त्याच्याइतका छत्रीसारखा नाही. गुलमोहराचा बहर केव्हाच सरला होता आणि हे झाड आत्ता, पावसाळ्यानंतर, भरात होतं. फांद्यांच्या टोकांना केशरी घोस खाली लोंबत होते. कळ्या गोल, टपोऱ्या, मखमली, द्राक्षाच्या घडासारख्या. उमललेली फुलंही पुरती उघडत नव्हती, अर्धवट मिटलेल्या ओंजळीतून पिवळे पुंकेसर बाहेर डोकावत होते. गटात दोन तट पडले. एक म्हणे, गुलमोहराचाच वेगळा प्रकार. दुसरा म्हणे, झाडच वेगळं. कुणाला ओळखता येतंय का?

पानगळ

पारंबी, फोटो असतील तर टाकाच, पण तीन गोष्टी सांगितल्यात तर फोटोशिवायही जमेल. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे काय दिसलं? गुलमोहराला तिथे छोट्या पिसासारखी उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी इवली पानं) असतात, म्हणजे उपपर्णालाच चिमुकल्या पर्णिका असतात. कोवळ्या फांदीवर ती सहज दिसतात. दुसरं, घोसात आधी कुठल्या कळ्या उमलतात, देठाकडच्या की टोकाकडच्या? आणि तिसरं, जमिनीवर शेंग मिळाली का? गुलमोहराची शेंग पट्टीसारखी चपटी, अर्धा मीटरपर्यंत लांब, लाकडासारखी टणक, आणि महिनोन्महिने झाडावरच राहते.

माझा अंदाज आहे, पण शेंग कळल्याशिवाय सांगत नाही.

देवसावर

फार मनापासूनचा धागा. क्रमाबद्दल पूर्ण सहमत. एक भर घालतो, गट आठच्या वर जाऊ देऊ नका. आम्ही एकदा बावीस जण गेलो होतो. पुढचे तिसऱ्या झाडापाशी बोलत होते, मागचे पहिल्यापाशीच होते, आणि नर्सरीतल्या अरुंद वाफ्यांमधून इतकी माणसं शिरल्यावर दोन रोपांचे शेंडे मोडले. तिथल्या माळ्यानं आम्हाला एका शब्दानंही बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

खोडवा

बाग आधी, हे बरोबर. पण बागेत गेल्यावर झाडाआधी पाटी वाचायला शिका. चांगल्या वृक्षोद्यानात पाटीवर फक्त नाव नसतं, नोंदणी क्रमांक असतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरिटममध्ये (स्थापना १८७२) प्रत्येक झाडाला धातूची छोटी चकती असते. तीवर आधी क्रमांक, मग बागेत आल्याचं साल, मग एक अक्षर. एकाच वेळी आलेल्या बियांमधून तीन झाडं उभी राहिली असतील तर ती अ, ब, क अशी वेगळी ओळखता येतात. साल कळलं की समोरच्या बुंध्याचा घेर किती वर्षांत झाला हे तिथल्या तिथे समजतं. रोप घेताना याहून उपयोगी माहिती कुठलीच नाही.

पाट्या नसतील तर स्मरणार्थ लावलेली झाडं शोधा. श्रीलंकेच्या पेराडेनिया बागेत १९०१ साली इंग्लंडच्या राजपुत्रानं आणि त्याच्या पत्नीनं (पुढे राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी) लावलेला कैलासपती आहे. खोडालाच लटकणारे तोफगोळ्याएवढे फळांचे घोस बघितले आणि लावल्याचं साल वाचलं, की हे झाड कुठे लावावं आणि कुठे लावू नये याचा वेगळा सल्ला लागत नाही.

जाता जाता, पाटी तारेनं खोडाला आवळून बांधलेली दिसली तर बागेच्या कार्यालयात जरूर सांगा. खोड जाड होतं, तार आत रुतते आणि सालीखालून जाणारा अन्नरस अडतो. स्प्रिंगवर टांगलेली पाटी खोडाबरोबर सैलावते.

नवी_पालवी

मी या सगळ्यात नवीन आहे. बागेत झाडं बघणं जमतं, पण नर्सरीत गेलं की मला काय विचारावं तेच सुचत नाही. समोरचा घाईत असतो, आपण अडाणी वाटू अशी भीती वाटते, आणि मग त्यानं पुढे केलेलं रोप घेऊन मी निघते. जागा एकच आहे, झाड एकच लावता येणार आहे. तुम्ही लोक नेमकं काय विचारता?

पारंबी

नवी_पालवी, एकच झाड लावायचंय म्हणजे तुम्हीच सगळ्यांत जास्त विचारायला हवं. संकोच करू नका. मी पहिला प्रश्न हाच विचारते, की हे बियांचं की कलमाचं? याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. सोनचाफा बियांपासून वाढवला तर फुलासाठी बरीच वर्षं थांबावं लागतं आणि ते झाड फार उंच जातं. कलमाचा लवकर फुलतो, हाताशी राहतो. दोन्ही चांगले, पण जागा बघून. बियांच्या झाडात फुलाचा रंग, आकार आईसारखाच येईल याची हमी नसते. कधी आईपेक्षा सुंदरही येतो, तो आनंद वेगळा, पण एकच जागा असेल तर मी तो डाव खेळणार नाही.

दुसरा प्रश्न, मातृवृक्ष कुठे आहे? बी किंवा कलमकाडी ज्या झाडावरून घेतली ते झाड. आमच्या त्या शनिवारी दुसऱ्या नर्सरीत हा प्रश्न विचारल्यावर तिथले वयस्क माळीकाका काही बोललेच नाहीत. हात धुतले, चला म्हणाले, आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे ओळीनं बारा-पंधरा मोठी झाडं होती, प्रत्येकाच्या खालच्या फांद्यांवर गुटी बांधलेल्या, म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथे मुळं फुटावीत म्हणून ओलं शेवाळ गुंडाळलेलं. एक गुटी त्यांनी आमच्यासमोर उघडली. प्लास्टिक सोडलं, ओलं शेवाळ बोटांनी अलगद बाजूला केलं, आणि आत पांढरी, दोऱ्यासारखी मुळं होती, टोकं अजून पिवळसर. साल जिथे गोल काढली होती तिच्या वरच्या काठावर फुगवटा आला होता आणि मुळं नेमकी त्या फुगवट्यातून निघाली होती, कारण पानांत तयार झालेलं अन्न खाली येताना तिथे अडलेलं असतं. हे मी वाचलं शंभरदा होतं. काकांनी शेवाळ परत लावून, दोरा गुंडाळून गाठ मारेपर्यंत आम्ही सातही जण गप्प उभे होतो.

जिथे मातृवृक्ष दाखवतात तिथून मी डोळे मिटून रोप घेते.

पिसारा

गुटीवरून आठवलं म्हणून उर्वशीची, अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिसची गोष्ट सांगतो. ब्रह्मदेशातला हा वृक्ष नॅथॅनिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२९ मध्ये शास्त्रीय नावानिशी जगापुढे आणला. त्याची लालपिवळी झुंबरं बघून युरोपातले बागवाले वेडे झाले. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थचा मालक, डेव्हनशायरचा ड्यूक, यानं तर जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला मुद्दाम हेच झाड आणायला कोलकात्याला पाठवलं. तो १८३७ मध्ये रोप घेऊन सुखरूप परतला, काचघरात ते वाढलंही, पण चॅट्सवर्थला काही फुललं नाही. इंग्लंडमधलं पहिलं फूल आलं १८४९ मध्ये, लंडनजवळच्या ईलिंग पार्कला लुइझा लॉरेन्स या बाईंकडे.

आजही उर्वशी सहजी बी धरत नाही. म्हणून ती गुटीनं किंवा दाब कलमानं (फांदी वाकवून मातीत दाबून) करतात, जगतात त्यातली थोडी, आणि नर्सरीत क्वचितच दिसते. एखाद्या बागेत फुललेली उर्वशी असल्याचं कळलं की आमचा गट ठरलेला कार्यक्रम बदलून तिकडे जातो. उघडीप, सावली, हवेतला ओलावा कसा आहे, शेजारी कुठली झाडं आहेत हे टिपून आणतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, दमट हवा हवी. पण ती तिथे प्रत्यक्ष कशाच्या आडोशाला उभी आहे ते बघितल्यावर आपल्याकडे जमेल की नाही हे कळतं.

मूळशोध

सगळे वरचं बघताय. मी खालचं सांगतो.

नर्सरीत रोप आवडलं की मी आधी बुंध्याशी बोटानं माती उकरतो. खोड जमिनीत शिरताना किंचित पसरट व्हायला हवं, तिथून मुख्य मुळं फुटताना दिसायला हवीत. खोड काठीसारखं सरळ आत गेलेलं असेल तर रोप खोल लावलंय. खोल लावलेलं झाड मरायला दहा वर्षं घेतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. मग विनंती करून पिशवी जरा सोडवून बघतो. मुळं कडेनं गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप मी घेत नाही, वर कितीही फुलं असोत. फुललेलं लहान रोप तर मला हमखास संशयास्पद वाटतं, कारण पिशवीत अडकलेलं झाडही त्रासून फुलतं. जमिनीत गेल्यावर ती गोल मुळं जाड होतात आणि खोडालाच वेढा घालतात. पंधरा वर्षांचं डेरेदार झाड एका वादळात मुळाशी उन्मळतं तेव्हा लोक वाऱ्याला दोष देतात. खड्डा जाऊन बघा, मुळं पिशवीच्या आकारात असतात.

बागेत फिरण्याबद्दलही एक सांगायचंय. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये टर्नर्स ओक आहे, १७९८ साली लावलेला. १९८० च्या दशकात तो खंगत चालला होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात वाऱ्यानं तो मुळांच्या गड्ड्यासकट उचलला आणि परत जागेवर बसवला. त्या रात्री क्यूमधली सुमारे ७०० झाडं गेली, त्यामुळे याला नुसता टेकू देऊन ठेवला, नंतर बघू म्हणून. तीन वर्षांनी पाहतात तर ओक नव्या जोमानं वाढत होता. वर्षानुवर्षं माणसांच्या पायांनी मुळांवरची माती दडपून घट्ट झाली होती, हवा-पाणी आत जात नव्हतं. वादळानं ती माती मोकळी केली. पुढे क्यूमध्ये दाबाखालच्या हवेनं जुन्या झाडांखालची माती भुसभुशीत करायला लागले ते या झाडामुळे.

मी त्या ओकाखाली जाऊन आलोय. म्हणजे खाली नाही, पसाऱ्याच्या बाहेर उभा राहून पाहिला. सात जण पाऊण तास एका झाडाच्या बुंध्याशी उभे राहता, तेव्हा हे मनात असू द्या. बोलायचं वाटेवर उभं राहून, जवळ जायचं एकेकट्यानं.

पारंबी

मूळशोध, हे लागलं आणि पटलं. आम्ही खरंच बुंध्याशी घोळका करून उभे होतो. पुढच्या वेळेपासून नाही.

पानगळ, माझ्याकडे एकच स्पष्ट फोटो आहे, त्यात देठाजवळच्या कळ्या आधी उमललेल्या दिसतात. शेंग शोधली नव्हती. पुन्हा जाणार आहे.

शेंदरी

मला क्रमाबद्दल वेगळं म्हणायचं आहे. बाग आधी म्हणता, पण बागेत काय असतं? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लावलेलं. गेल्या पन्नास वर्षांत जे नवे वाण आले ते बऱ्याच जुन्या बागांत नाहीतच. लॅगरस्ट्रोमियाचंच घ्या, आपल्या तामणाचा वंश. अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरिटममध्ये डॉनल्ड एगॉल्फ यांनी इंडिका आणि फाउरिए या दोन जातींचा संकर करून भुरीला (पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला) दाद न देणारे वाण काढले. त्यातला पांढऱ्या फुलांचा 'नॅचेझ' १९७८ चा. त्याचं खोड दालचिनीच्या रंगाचं होतं, साल सुटून आलेली, फुलं नसतानाही बघत राहावं असं. हा वाण मी प्रथम पाहिला तो नर्सरीत, दहा वर्षं वाढवलेला. तो नर्सरीवाला रोज सकाळी त्याला पाणी घालत होता. पानं कधी लाल होतात, छाटणी चुकीची झाली तर फांद्या कशा वेड्यावाकड्या फुटतात, सगळं त्याला तोंडपाठ. बागेत मला एवढं कोण सांगणार होतं?

चांगला नर्सरीवाला म्हणजे चालती-बोलती बाग. त्याला दुपारच्या उरलेल्या वेळेत गाठू नका. सकाळी जा, तो ताजा असतो, ऊन नसतं.

खोडवा

शेंदरी, तुमच्या त्या नर्सरीत दहा वर्षांचं झाड उभं होतं म्हणून तुम्हाला ते कळलं. म्हणजे तुम्हीही आधी मोठं झाडच पाहिलंत. अशा नर्सरीला सकाळी जाण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मोठी झाडं राखून ठेवणाऱ्या नर्सऱ्या किती? बाकीच्यांकडे फक्त विकायचं रोप असतं आणि त्याच्या भविष्याबद्दल विकणाऱ्याला आपल्याइतकंच ठाऊक असतं.

शेंदरी

मान्य. मातृवृक्ष असलेली नर्सरी सकाळी, बाकीच्या दुपारी. एवढं तरी लिहा तुमच्या नियमात.

पारंबी

लिहिलं.

बकुळवेणा

नावांचा घोळ कुणी काढला नाही अजून. कांचन, देवकांचन, रक्तकांचन ही तीन नावं मी चार नर्सऱ्यांत चार वेगवेगळ्या झाडांना लावलेली पाहिली आहेत. म्हणून आम्ही वहीत शास्त्रीय नावच लिहितो, बोलताना काहीही म्हणा. याच कांचनाच्या वंशातला हाँगकाँगचा प्रसिद्ध बौहिनिया ब्लेकियाना घ्या. १८८० च्या सुमारास तिथल्या किनाऱ्यालगत एका फ्रेंच धर्मोपदेशकाला सापडला, १९०८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. तो पर्प्युरिया आणि व्हेरिगाटा या दोन जातींचा संकर आहे, स्वतः बी धरत नाही. जगातली त्याची सगळी झाडं त्या एका झाडाच्या कलमांतून आलेली. तेव्हा कुणी 'ब्लेकियानाचं बियांपासून केलेलं रोप' म्हणून दाखवलं तर ते दुसरं काहीतरी आहे हे तिथेच समजायचं.

शास्त्रीय नावंही बदलतात हे लक्षात असू द्या. टॅबेबुया म्हणून आपण ओळखायचो त्यातल्या बऱ्याच जाती २००७ पासून हँड्रोअँथस या वेगळ्या वंशात गेल्या. पिवळ्या फुलांचा क्रायसॅन्थस तिकडे गेला, गुलाबी फुलांचा रोझिया टॅबेबुयातच राहिला. जुन्या बागेत जुनी पाटी, नव्या नर्सरीत नवी, आणि माणूस समजतो झाडं दोन.

आणि गिंको घेणार असाल तर कलमाचा नरच मागा. मादी झाडाच्या पिकलेल्या बियांच्या गराचा वास नासक्या लोण्यासारखा असतो आणि बियांच्या झाडात नर की मादी हे कळायला वीसेक वर्षं जाऊ शकतात.

पानगळ

शेंदरी यांनी सालीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. बहुतेक गट बहर बघून तारीख ठरवतात. आम्ही वर्षातून एक फेरी मुद्दाम पानगळीत काढतो, जेव्हा बघण्यासारखं काही नाही असं लोक म्हणतात. तेव्हाच झाडाची खरी बांधणी दिसते, फांदी खोडापासून किती कोनात सुटते, दोन फांद्यांच्या बेचक्यात साल आत दबली आहे का. अशा बेचक्यात झाड पुढे चिरतं. एसर ग्रिसियम या मेपलची कागदासारखी सुटणारी तांबूस साल उन्हाच्या विरुद्ध बाजूनं पाहिली तर कडा पेटल्यासारख्या दिसतात. प्रूनस सेरूला या चेरीची घासून चकाकवलेल्या तांब्यासारखी. पांगारा, काटेसावर हे तर निष्पर्ण असतानाच फुलतात, आणि काटेसावरीच्या फांद्या खोडाभोवती किती शिस्तीत, जवळपास आडव्या निघतात हे पानं असताना लक्षातही येत नाही.

पाने असताना एकदा आणि नसताना एकदा, असं एकच झाड दोनदा बघा. दुसऱ्या फेरीला बरोबर तेच लोक असतील तर फारच उत्तम, कारण मग प्रत्येकाला पहिल्या वेळचं वेगळं काहीतरी आठवतं.

रानवाट

सगळ्यांना एक कळकळीची विनंती. बागेतून फांदी, डोळा, कोवळी काडी परवानगीशिवाय घेऊ नका. पडलेलं बीसुद्धा विचारून घ्या. मी ज्या बागेत काम शिकलो तिथे एका दुर्मीळ झाडाच्या हाताला येतील अशा सगळ्या फांद्या एका वर्षात गेल्या होत्या. नेणारे सगळे झाडांवर प्रेम करणारेच होते. विचारलं असतं तर आम्ही हौसेनं बी दिलं असतं, नोंदीसह.

दुसरं म्हणजे बुटांचा चिखल. फायटोफ्थोरासारखे मुळं कुजवणारे रोग मातीबरोबर प्रवास करतात. सकाळी एका नर्सरीत ओल्या वाफ्यांतून फिरून दुपारी दोनशे वर्षांच्या झाडाखाली तेच बूट घेऊन जाणं बरं नाही. गाडीत एक ताठ ब्रश आणि पाण्याची बाटली ठेवा. खरं सांगायचं तर पारंबीताईंच्या 'बाग आधी' या क्रमाच्या बाजूनं मला हेच सगळ्यांत मोठं कारण वाटतं.

नवी_पालवी

हे सगळं वाचून काल नर्सरीत गेले. बियांचं की कलमाचं, एवढा एकच प्रश्न विचारायचं ठरवून गेले होते. विचारला. त्यांनी कलमाचा जोड दाखवला, त्याच्या खालून फुटलेली एक फांदी नखानं खुडली आणि म्हणाले, ही खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची, ठेवली असती तर वरचं कलम मारून टाकलं असतं, घरी पण लक्ष ठेवा. रोप घेतलं नाही अजून. त्या जातीचं मोठं झाड कुठे आहे ते त्यांनीच सांगितलं, रविवारी बघायला जाणार आहे.

पारंबी

काल पुन्हा त्या बागेत जाऊन आलो, या वेळी चौघंच. वाटेवर उभे राहिलो, जवळ एकेक करून गेलो.

पानगळ, शेंग मिळाली. गुलमोहरासारखी चपटी लांब पट्टी अजिबात नाही. आखूड, सरळ, फुगीर, वाळून दोन भागांत उकललेली. घोस देठाकडून टोकाकडे उमलत जातो हे नीट पाहिलं. खालच्या फांदीचा कोवळा शेंडा वाकवून तिघांनी भिंगातून बघितला, पिसासारखी उपपर्णं नाहीत.

पानगळ

मग कोलविलिया रेसिमोसा. हाच अंदाज होता. गुलमोहरासारखाच मादागास्करचा, गुलमोहराप्रमाणे याचंही पहिलं वर्णन वेन्त्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञानं केलेलं, आणि नाव मॉरिशसचे गव्हर्नर चार्ल्स कोलव्हिल यांच्यावरून. पानं इतकी सारखी की बहर नसताना भलेभले फसतात. अभिनंदन, हे झाड फार कमी बागांत आहे.

पारंबी

धन्यवाद, अगदी मनापासून. बागेच्या कार्यालयात सांगितलं तेव्हा त्यांनी जुनी नोंदवही काढली. त्या भागात 'कोलविलिया १' अशी नोंद होती, पाटी केव्हा गेली कुणालाच आठवत नव्हतं.

आता एक मला आधी सांगायचं राहिलेलं. त्या शनिवारी पहिल्या नर्सरीत 'कोलविलिया' अशी चिठ्ठी लावलेली दोन रोपं होती आणि आमच्यातल्या एकानं त्यातलं एक घेतलं होतं. मोठं झाड तोवर ओळखलंच नव्हतं, म्हणजे नियम मोडला होता. काल परतताना त्यांच्या घरी गेलो आणि रोपाचे शेंडे तपासले. प्रत्येक देठाशी छोटं हिरवं पीस. गुलमोहर. त्यांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले, ठेवतो, गुलमोहर तर गुलमोहर, लावायला मोठी जागा शोधू. आज नर्सरीत फोन करून शांतपणे सांगितलं. बी बाजारातून पाकिटात आलं होतं, मातृवृक्ष त्यांनीही पाहिलेला नाही. उरलेल्या रोपाची चिठ्ठी बदलतो म्हणाले.

बागेनं आम्हाला परवानगीनं कोलविलियाच्या अकरा बिया दिल्या आहेत, पाकिटावर झाडाची जागा आणि तारीख लिहून. कवच टणक आहे. गुलमोहर, बहावा यांना करतो तसं, सहा बियांना कानशीनं एका कडेला किंचित घासून रात्रभर कोमट पाण्यात टाकलंय, पाच तशाच ठेवल्यात. सकाळी बघितलं तर घासलेल्यांतल्या चार फुगल्या आहेत.

मूळशोध

पिशवी उंच घ्या आणि खोल पेरू नका. चार पानांवर आलं की मुळांचा फोटो टाका.